सांडोरच्या वाटेवरचा जास्तीचा क्रूस

आधी माझी बाजू ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा.

आमचं मूळ गाव कणकवलीच्या बाजूला. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टींचा घरात कधी दुष्काळ नव्हता. आणि त्या गोष्टी रंगात आल्या की मध्येच तोंड घालून विरस करणारा घरात एकच — मी. चुलते सांगत असायचे, "पिंपळाखाली हिरव्या साडीतली बाई उभी होती..." आणि मी विचारणार, "कंदील कुणाच्या हातात होता? नव्हता ना? मग अंधारात साडीचा रंग कसा कळला?" आई म्हणायची, याला उद्या देव जरी दिसला तरी हा त्याच्याकडे आधार कार्ड मागेल.

त्यात मी लॅब टेक्निशियन. रक्त तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. एखादा आकडा विचित्र आला तर आम्ही घाबरत नाही, सॅम्पल परत लावतो. परत तसाच आला तर मशीन तपासतो. खाली जे लिहितोय ते मी तीन वेळा परत लावून बघितलंय, एवढं लक्षात ठेवा.

मी वसई ईस्टला, एव्हरशाईन सिटीत राहतो. बायको सुचिता घरी ब्लाऊज शिवते. लग्नाचे, आरी वर्कचे, सगळे. आमच्या आसपासच्या चार बिल्डिंगमधल्या लग्नांच्या तारखा कधीकधी नवरदेवाच्या आधी तिला कळतात. मी वीस वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवली, तीही घर ते मंडई. मग आमच्या लॅबने वेस्टला शाखा काढली, मला तिकडे टाकलं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मला मोटरसायकलची हौस आली. लॅबमधल्या एकाची दीडशे सीसीची सेकंडहँड गाडी होती, ती घेतली. सुचिता म्हणाली, "अहो, या वयात पोटाचा घेर कमी करायचा असतो, गाडीचा सीसी वाढवायचा नसतो." तरी गाडीला हळदकुंकू तिनेच लावलं आणि कॉलनीत मागे बसून एक चक्करही मारली. खुशीत होती त्या दिवशी.

दोन आठवडे बरे गेले. दिवाळीनंतरचा एक रविवार, सकाळचे साडेदहा वाजले असतील. पापडीत तिच्या एका गिऱ्हाइकाकडे ब्लाऊज पोचवायला आम्ही दोघं निघालो होतो.

आता स्कूटरवाल्यांनी नीट वाचा. स्कूटरला डाव्या हाताशी ब्रेक असतो. मोटरसायकलला तिथे क्लच असतो. हे मला माहीत होतं... म्हणजे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. कुत्रं आडवं आलं आणि माझ्या डाव्या हाताने वीस वर्षांच्या इमानाने लिव्हर करकचून दाबला. झालं! थांबायच्या ऐवजी गाडी मोकळी सुटली. मग घाबरून उजवा लिव्हर दाबला, म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक. खाली कुणाच्या तरी बांधकामाची रेती पसरलेली. कुत्रं शहाणं, ते केव्हाच पलीकडे पोचलं होतं.

स्पीड पंधरा-वीसच्या वर नव्हता. मला नुसतं खरचटलं. सुचिताने पडताना उजवा हात टेकला आणि तिचं मनगट गेलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर, तेही ऐन लग्नसराईत.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. हातातली कामं तिने फोन करून दुसऱ्या बायकांना वाटून दिली आणि शिलाई मशीनवर एक जुनी चादर टाकली. हॉलमध्ये येता-जाता ती चादर दिसायची आणि मला घास गोड लागायचा नाही. नंतर दवाखान्यात जायचं असो की बाजारात, मी गाडीची चावी उचलली की ती अगदी शांतपणे म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते."

भांडली असती तर परवडलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं हो, "मी रिक्षाने येते"ला काय उत्तर देणार? मला तिला पुन्हा माझ्यामागे बसवायचं होतं. समजूत घालून नाही, गळ घालून नाही. तिला आपणहून बसावंसं वाटलं पाहिजे, बस्स. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पडलो त्या दिवशी आम्हाला उचललं इनासकाकांनी. पापडीत कोपऱ्यावर त्यांचं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे. वय सत्तरीचं, राहायला सांडोरला, सभोवती केळी. घरात ते त्यांची बोली बोलतात, ती मला अर्धीमुर्धी कळते. माझ्याशी मराठीत. आम्हाला दोघांना रिक्षात बसवून म्हणाले, "गाडी राहू दे इथं. आधी बायला बघ."

दोन दिवसांनी गाडी आणायला गेलो तर त्यांनी वाकलेलं हँडल सरळ करून ठेवलं होतं. माझ्याकडे न बघताच विचारलं, "आधी स्कूटर चालवायचास ना?"

"तुम्ही बघितलंत आम्ही पडलो ते?"

"बघायला कशाला पाहिजे? स्कूटरवाले असेच पडतात. डावा हात दाबतात. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ये. शिकवतो तुला."

मी म्हटलं, जित्याची खोड आहे काका, आता या वयात कसली जाते. ते म्हणाले, "जात नाही तर जात नाही. हाताला दुसरी खोड लाव."

शिकवायची त्यांची पद्धत अशी, की स्वतः मागे बसायचं. गाडी कशी चालतेय ते पुढच्याला कळत नाही, मागच्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. ब्रेक दणक्यात लागला, किंवा गिअर कमी करून क्लच फटकन सोडला, की मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं. टक! की काका मागून शांतपणे बोलणार, "टक." आपटल्याचा आवाज वेगळा आणि काकांचा वेगळा. पहिल्या रविवारी आमच्या गाडीवर सुतारकाम चाललंय असंच रस्त्यावरच्या माणसांना वाटलं असेल. घरी गेल्यावर मान धरली ती माझी. काका ठणठणीत.

दुसऱ्या रविवारी त्यांनी गाडी एका क्रूसाजवळ थांबवायला लावली. वसईत नवीन असाल तर सांगतो — पापडी, सांडोर, त्या पट्ट्यात गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, फाट्यावर असे छोटे क्रूस असतात. पांढरे, चौथऱ्यावर बसवलेले, कुणी माळ घालतं, कुणी दिवा लावतं.

काका म्हणाले, "आमची माणसं क्रूसासमोरून जाताना उजव्या हाताने खूण करतात. चालत असली तरी, गाडीवर असली तरी. आता उजव्या हातात काय असतं, सांग."

"अॅक्सिलरेटर."

"आणि पुढचा ब्रेक. हात उचललास की दोन्ही गेले. चौथ्या गिअरमध्ये असशील तर गाडी खोकायला लागणार, धक्के देणार. म्हणून आमची पोरं गाडी शिकतात ती क्रूसावर. लांबून क्रूस दिसला की सगळं आधीच उरकून टाकायचं. अॅक्सिलरेटर सोड, हलका ब्रेक, तिसरा टाक, मग दुसरा, क्लच सोडताना जरासा रेस दे म्हणजे इंजीन दचकत नाही. समोर पोचेपर्यंत गाडी इंजिनाच्या धाकात आपली आपण चालायला पाहिजे. मग हात उचल, खूण कर, परत ठेव. मागच्याला कळतसुद्धा नाही."

मी जरा अडखळलो. म्हटलं, "पण काका, मी खूण..."

"तू नको करू रे खूण. देव काय हजेरी घेतोय? पण हात उचलता येईल अशी गाडी चालव."

मी ती खूण नाही केली. पण रस्त्यात गणपतीचं देऊळ लागलं की आपण उजवा हात छातीला लावतो ना, तसा लावायला लागलो. आणि खरं सांगतो, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून जे महिनाभर डोक्यात शिरलं नव्हतं ते या एका वाक्याने शिरलं. ब्रेक आणि गिअर वळणात नाही, वळणाच्या आधी. घाईत नाही, आधी. डावा हात क्लचवर यायचा तो आता घाबरून नाही, सांगितल्यावर यायला लागला.

तीन रविवार आम्ही गॅरेजजवळच्याच दोन क्रूसांवर घासून घेतलं. मग काका म्हणाले, आता पूर्ण फेरी एकट्याने मार, पंधरा दिवस. पापडीहून सांडोरच्या गल्ल्यांतून फिरून परत पापडी, साधारण पाच किलोमीटर. ड्युटीच्या आधी सकाळी सात वाजता मी तिथे असायचो. थंडीचे दिवस, वाड्यांमधून पाटाचं पाणी सोडलेलं, कुणी भाजी धुऊन जुड्या बांधतंय. रोज तीच फेरी, तेच क्रूस. माझा स्वभाव असा की मी फोनमध्ये नोट केली होती. कुठल्या क्रूसाच्या आधी कुठे अॅक्सिलरेटर सोडायचा. पहिला विहिरीजवळचा, दुसरा दोन माडांच्या मधला, तिसरा पिवळ्या घराच्या कोपऱ्याचा. चौथ्यापुढे मी लिहिलंय, "केळीच्या वाडीचा, निळा पट्टा. सरळ रस्ता आहे म्हणून विसरू नये." पुढे आणखी दोन. एकूण सहा.

हा चौथा मला जास्त आवडायचा. कमरेइतका उंच असेल. चौथऱ्याला खालून वीतभर निळा रंग दिलेला, आणि आडव्या दांड्यावर झेंडूची माळ, वाळून तपकिरी झालेली. मी मनात म्हणायचो, बाकीच्यांच्या माळा बदलतात, याची कुणी बदलत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्यासमोरून जायचं, हात छातीला, आणि मग पुढचं वळण.

पंधरा दिवस झाले. रविवारी काका परीक्षा घ्यायला मागे बसले. विहीर झाली, माड झाले, पिवळं घर झालं... एकदाही टक नाही. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. सरळ रस्ता लागला, केळीची वाडी दिसली, मी अॅक्सिलरेटर सोडला, तिसरा, दुसरा.

काका म्हणाले, "इथं का टाकलास?"

"चौथा क्रूस आला ना."

"कुठला चौथा?"

मी डावीकडे बघितलं. केळी होत्या, मेंदीचं कुंपण होतं. बाकी काही नव्हतं.

मी गाडी थांबवली. आपण पुढे आलो असू म्हणून मागे बघितलं, अजून यायचा असेल म्हणून पुढे बघितलं. मग काकांना सगळं वर्णन सांगितलं — उंची, निळा पट्टा, वाळकी माळ. काका हसले नाहीत. गाडीवरून उतरून ते कुंपणापर्यंत चालत गेले, उभे राहिले, परत आले.

"या फेरीत पाच क्रूस आहेत, संतोष. मी सत्तर वर्षं इथून जातोय. इथं क्रूस नाही. कधी नव्हता."

मला भीती नाही वाटली, लाज वाटली. एखाद्याचा चुकीचा रिपोर्ट देऊन बसल्यावर वाटते तशी. काकांना घरी सोडून मी दुपारी चालत परत आलो. कुंपणालगत माती भुसभुशीत. चौथरा काढला असता तर दगड, चुना, काहीतरी खूण राहिली असती. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजता, तशाच उन्हात परत गेलो. काही नाही. एखादी खताची पांढरी गोणी कुंपणावर वाळत घातलेली असेल आणि मी रोज तिला नमस्कार करत असेन, हे मानायलाही मी तयार होतो. पण गोणीला झेंडूची माळ कोण घालतं?

काकांनी त्यांच्या नव्वदीच्या मावशीला विचारलं. एवढंच विचारलं, की तिथे कधी क्रूस होता का. नव्हता. मग मी, आमच्या गावच्या गोष्टींवर हसणारा मी, काकांना विचारलं, "तिथे कुणी... म्हणजे अपघात वगैरे?" काका म्हणाले, "सरळ रस्ता आहे बाबा. कोण पडणार?"

तिथे कुणीतरी गेलं होतं, एवढं कळलं की कुठलीही भुताची गोष्ट संपते. इथे तर गोष्टच नव्हती. ना कुणी मेलेलं, ना कुणाचा नवस राहिलेला. आणि मला तो क्रूस पुन्हा कधी दिसला नाही. पुढचा महिनाभर मी रोज बघत होतो. न दिसणाऱ्या क्रूसासाठी गिअर कशाला कमी करा म्हणून मी तिथे चौथ्या गिअरमध्येच जायला लागलो.

सुचिताला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. कारण उघड आहे. जो माणूस असलेलं कुत्रं चुकवू शकत नाही आणि ज्याला नसलेले क्रूस दिसतात, त्याच्यामागे कोण बसणार? काकांनाही म्हटलं, हे आपल्या दोघांत. ते म्हणाले, "मी माझ्या बायकोलाही बोललो नाही."

तोवर सुचिताचं प्लास्टर निघालं होतं. व्यायाम चालू होता, मशीनवरची चादर निघाली होती, बटणं-हुक लावण्याइतका हात चालायला लागला होता. मी मात्र अजून पुढे जात होतो आणि ती रिक्षाने येत होती.

फेब्रुवारीत एका रविवारी काकांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. ठरल्याप्रमाणे मी गाडीने आणि सुचिता रिक्षाने पापडीला गॅरेजवर पोचलो. पुढे सांडोरला घरापर्यंत अजून दोनेक किलोमीटर. सुचिता रिक्षा शोधायला लागली तर काका म्हणाले, "बाय, एक सांगू? मी दोन महिने याच्यामागे बसलोय. माझी मान बघ, शाबूत आहे. गावातून पाच क्रूस लागतात, प्रत्येकाच्या आधी हा गिअर कमी करणार. नाही केला तर तिथेच उतर आणि चालत ये. मी पुढे जाऊन कालवण गरम करायला सांगतो."

आणि ते आपल्या गाडीवरून निघूनसुद्धा गेले. आम्ही दोघं गॅरेजच्या बंद शटरसमोर उभे. मी तोंड उघडलं असतं तर घात झाला असता. तिने रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हेल्मेट घातलं. ओढणी नीट खोचून घेतली आणि मागे बसली. "हळू," एवढंच म्हणाली.

तिने डाव्या हाताने मागचा दांडा इतका घट्ट धरला होता की मला तो गाडीतून जाणवत होता. विहीर आली, गिअर कमी केला, गाडी आपोआप मंदावली. माड आले. पिवळं घर आलं. एकदाही तिचं हेल्मेट मला लागलं नाही. मी मान वळवून बघू शकत नव्हतो, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता आणि तो हळूहळू साधा झाला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, ते तसेच वाहू दिले.

सरळ रस्ता लागला. मी तिसरा, मग चौथा टाकला. चाळीसच्या आसपास स्पीड असेल. केळीची वाडी दिसली आणि मी सवयीने डावीकडे बघितलं. केळी, मेंदी, दुसरं काही नाही.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. उजवा हात, मोडलेला तो.

"अहो, गिअर कमी करा ना. क्रूस आला."

माझ्या हातापायांनी मला विचारलंच नाही. अॅक्सिलरेटर सुटला, हलका ब्रेक, तिसरा, दुसरा, क्लच हळू सुटला. वाडी संपली, तिथे रस्ता किंचित डावीकडे वळतो, आणि वळणाच्या आत अख्खा रस्ता ओला. वाडीतल्या पंपाचा पाईप जोडावर सुटला होता. पाणी शेतातली चिकणमाती घेऊन डांबरावर पसरलं होतं, साबणासारखं. एक माणूस पंपाकडे पळत चालला होता. मी ब्रेकला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या धाकात चालत होती. मागचं चाक एकदा थोडं सरकलं, परत जाग्यावर आलं, आणि आम्ही पलीकडे.

चौथ्या गिअरमध्ये मी तिथे काय केलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. उजवा लिव्हर दाबला असता.

"केवढा चिखल," सुचिता मागून म्हणाली. तिला तो नुसता चिखल वाटला. मी हूं म्हटलं.

काकांकडे कोंबडीचं कालवण होतं, तांदळाच्या रोट्या होत्या. सुचिताने गप्पा मारत तीन खाल्ल्या. काकी काहीतरी आणायला आत गेल्या तेव्हा ती काकांना म्हणाली, "तुमचे क्रूस छान आहेत हो. तो केळीच्या वाडीपाशी आहे ना, खाली निळा पट्टा, तो मला फार आवडला. पण त्याची माळ कुणी बदलत का नाही? झेंडू पार वाळून गेलाय."

काकांचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — नाही, मी सांगितलं नाही. मग त्यांनी ताटाकडे बघत सावकाश उजव्या हाताने खूण केली, रस्सा लागलेल्या बोटांनीच.

"बदलू," ते म्हणाले. "जेव बाय."

नंतर त्यांना एकट्याला गाठून विचारलं. त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं, ते शपथ घेऊन खोटं बोलणारे नाहीत. आमच्या आधी ते तिथून गेले तेव्हा रस्ता कोरडा होता, असंही म्हणाले. मी झोपेत बडबडलो असेन का? सुचिता म्हणते, मी झोपेत फक्त घोरतो. फोनमधली नोट तिने वाचली असेल का? माझ्या फोनचं लॉक तिला माहीत नाही, आणि नोटमध्ये माळेबद्दल अक्षर नाही. मी सगळे आकडे परत लावून बघितले. पुढच्या रविवारी काका मात्र सकाळी झेंडूची एक माळ घेऊन गेले आणि त्या मेंदीच्या कुंपणावर नुसतीच ठेवून आले. का, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून सुचिता रिक्षाने येत नाही. आम्ही दोघं मात्र त्या गल्लीने पुन्हा गेलो नाही. मीच काहीतरी निमित्त काढून मोठ्या रस्त्याने नेतो. तिथे क्रूस नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

पण हे लिहून झालं आणि वाटलं, छापून आल्यावर तिला बिल्डिंगमधल्या बायकांकडून कळण्यापेक्षा आपणच द्यावं वाचायला. काल संध्याकाळी दिलं. तिने मशीनवर बसूनच वाचलं, शेवटपर्यंत. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

बऱ्याच वेळाने तिची हाक आली. मी गेलो. ती घाबरलेली नव्हती. कोड्यात पडल्यासारखी हातातल्या कागदाकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मग त्या दिवशी मी मागचा दांडा सोडून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला... तो कुणाला?"

मला माहीत नाही. ती माझ्यामागे दोन्ही हात सोडून बसली होती, हेही मला कालच कळलं.